प्रोफेशनल असोसिएशनची निवडणूक: बिनविरोध, पॅनल की पसंतीक्रम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात कन्सल्टिंग इंजिनिअर मंडळींची एक संस्था आहे, चारेकशे सभासद, काही वर्धा-चंद्रपूर-गोंदियाचेही. आतापर्यंत दर दोन वर्षांनी सगळं बिनविरोध व्हायचं, यंदा दोन पॅनल उभे होऊन राहिले. सीनियर लोक म्हणतात निवडणूक टाळा, संस्था फुटते, आणि तरुण म्हणतात काहून टाळायची, किती वर्षं तेच चेहरे पाहायचे. मग बरोबर पद्धत कोणती?

मी इथेच स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, अशाच एका संस्थेचा सचिव आणि पुढे अध्यक्ष होतो, आणि त्यानंतर डॉक्टर, आर्किटेक्ट, व्हॅल्युअर अशा वेगवेगळ्या लोकांच्या संस्थांनी निवडणूक अधिकारी म्हणून बोलावलं, अजूनही बोलावतात. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या दोन्ही बाजू मतदानाच्या दिवसावर भांडून राहिल्या आहेत, आणि माझ्या मते खरा निकाल त्याच्या सहा-आठ महिने आधी लागलेला असतो. माणसं कोणी शोधली, कुठे शोधली, मतदार यादी कोणत्या तारखेला बंद केली, कोणत्या पदासाठी लढत ठेवली आणि कोणत्या पदासाठी नाही, हे आधी नीट झालं असेल तर मतदान शांततेत होतं आणि हरलेला माणूस पण पुढच्या महिन्यात लेक्चरला येऊन बसतो. हे झालं नसेल तर बिनविरोध करा नाहीतर मतदान करा, दोन्हीत नुकसानच आहे.

बिनविरोध कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे पण कोणी लिहीत नाही. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या संध्याकाळी चार-पाच माजी अध्यक्ष धरमपेठेत नाहीतर रामदासपेठेत कोणाच्या तरी ऑफिसात बसतात, दोन फोन होतात, "भाऊ, तुम्ही या वेळी थांबा, पुढची टर्म तुमचीच", आणि समोरचा थांबतो. याला आपण एकमत म्हणतो. पण हे एकमत त्या पाच जणांचं असतं, चारशेचं नाही. शिवाय "पुढची टर्म तुमची" असा शब्द एकदा दिला की पुढचे दोन-तीन अध्यक्ष आजच ठरून जातात, आणि मधे कोणी चांगला, कामाचा माणूस संस्थेत आला तर त्याच्यासाठी जागाच उरत नाही, तो दोन वर्षं येतो, पाहतो आणि यायचं बंद करतो.

तरी सीनियर लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपला व्यवसाय लहान आहे, ज्याच्याविरुद्ध उभं राहायचं त्याच्याशी उद्या एकाच साइटवर काम करायचं असतं, डॉक्टर लोकांत तर एकमेकांना पेशंट रेफर करावे लागतात. आमदारकीला हरलेला माणूस पाच वर्षांनी परत उभा राहतो, तो त्याचा पेशाच असतो. असोसिएशनमध्ये हरलेला माणूस मात्र घरी जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे पंधरा-वीस लोक जातात. मी असे चांगले लोक कायमचे गेलेले पाहिले आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातले काही जिंकलेल्यांपेक्षा जास्त काम करणारे होते.

म्हणून माझं उत्तर पदानुसार वेगळं आहे.

सचिव आणि कोषाध्यक्ष ही कामाची पदं आहेत. सचिवाला नोटीस काढायची, मिनिट्स लिहायचे, हॉल बुक करायचा, वक्त्याचं तिकीट काढायचं, आणि हे सगळं स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून. ज्याच्या ऑफिसात त्याच्याशिवाय रोज दोन तास काम चालू शकतं, एक माणूस तरी टायपिंगला मोकळा आहे, असा सभासद पाहा. भाषण चांगलं करतो म्हणून सचिव करू नका. कोषाध्यक्ष असा पाहा जो सीएकडे वेळेवर वह्या घेऊन जाईल आणि "हे बिल कुठे आहे" हे अध्यक्षाला तोंडावर विचारू शकेल, दुसरा गुण जास्त महत्त्वाचा. या दोन पदांसाठी नीट शोध झाला असेल तर एकच नाव आलं तरी मला चालतं, मुद्दाम कोणाला तरी समोर उभं करायची गरज नाही.

अध्यक्षाचं वेगळं आहे. तो संस्थेच्या वतीने बोलतो. युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, २०२० मध्ये आली, तेव्हापासून तिच्यातल्या तरतुदींवर सभासदांच्या अडचणी घेऊन मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्याकडे जायचं काम अध्यक्षाचंच आहे. आता ज्याच्या स्वतःच्या दहा फाइली तिथल्याच टेबलावर पडून आहेत त्याला तिथे मोकळेपणाने बोलता येईल का? तो माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याचे हात बांधलेले असतात. हे उमेदवाराला आधीच विचारायला पाहिजे, शांतपणे, चहा पिता पिता, आणि त्याने सांगितलेलं कागदावर यायला पाहिजे. मोठ्या कंत्राटदाराच्या रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या नियमित मानधनावर, असलेल्या माणसालाही हेच विचारायचं.

अध्यक्षासाठी मी भावी अध्यक्षाची पद्धत सुचवतो, प्रेसिडेंट-इलेक्ट. तुमच्यापैकी बरेच जण रोटरीत असतील, तिथे ही सवयीची आहे, आणि आयट्रिपलई सारख्या इंजिनिअरांच्या मोठ्या जागतिक संस्थेत तर एक वर्ष भावी अध्यक्ष, एक वर्ष अध्यक्ष, एक वर्ष माजी अध्यक्ष असा तीन वर्षांचा क्रमच आहे. याचा फायदा असा की निवडून आलेल्या माणसाला खुर्चीत बसायच्या आधी बराच काळ बँक, ऑडिट, हॉलचं भाडं, जुनी भांडणं सगळं जवळून पाहायला मिळतं, आणि ज्याला नुसती खुर्ची पाहिजे तो एवढा वेळ वाट पाहायला सहसा तयार होत नाही. दोन वर्षांची टर्म असेल तर भावी अध्यक्ष शेवटच्या वर्षात निवडा, म्हणजे फार लांबत नाही. आणि हे मत देऊन निवडायचं पद आहे, नुसतं उपाध्यक्षाला वर सरकवायचं नाही.

आता शोध समिती. पाच जण पुरे. त्यात माजी अध्यक्ष जास्तीत जास्त दोन, एक जण चाळिशीच्या आतला, एक नागपूरबाहेरचा, किमान एक महिला, आणि सगळ्यात महत्त्वाची अट ही की समितीतला कोणीही या वेळी उमेदवार होणार नाही. समितीने सभासदांना फोन करायचे, व्हॉट्सॲपवर "इच्छुकांनी नावे द्यावीत" टाकून बसायचं नाही, कारण तिथे फक्त आधीच इच्छा असलेले लोक नाव देतात आणि ज्यांना विचारायला पाहिजे ते गप्प राहतात. माझा अनुभव असा आहे की चांगला माणूस पहिल्या फोनला नाही म्हणतो, कधी दुसऱ्यालाही, आणि तिसऱ्यांदा त्याच्या ऑफिसात जाऊन बसलं की तो खरी अडचण सांगतो, मुलीची बारावी आहे, पार्टनर नुकताच वेगळा झाला, वगैरे. मग त्याला सांगता येतं की बरं, या वेळी कमिटीत ये, पुढचं पुढे पाहू.

महिलांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे आपण फार मागे आहोत. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे, स्वागताची फुलं त्यांच्याकडे, आणि कार्यकारिणीची यादी वाचली तर एखादं नाव. सुप्रीम कोर्टाने २ मे २०२४ ला सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या, कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायला सांगितल्या आणि त्या वर्षी कोषाध्यक्षपद महिलेसाठी राखून ठेवलं. तो आदेश तुमच्या संस्थेला लागू नाही, पण संस्थेच्या घटनेत तशी तरतूद करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. आणि तरतूद होईपर्यंत शोध समितीने एवढं तरी करावं की मीटिंगची वेळ रात्री साडेआठची ठेवता म्हणून कोण येत नाही ते विचारावं.

समितीने सुचवलेली नावं जाहीर झाली की दार बंद करायचं नाही. दहा-पंधरा सभासदांच्या सह्या घेऊन कोणालाही स्वतंत्र अर्ज करता आला पाहिजे, आयट्रिपलईतही सभासदांच्या सह्यांवर उमेदवार उभा राहू शकतो. ही सोय नसेल तर शोध समिती म्हणजे तेच पाच माजी अध्यक्ष, नाव फक्त नवं.

आता पॅनलचा प्रश्न, तुमच्याकडे यंदा तोच पेटलेला आहे. समजा कार्यकारिणीच्या ९ जागा आहेत आणि १०० लोकांनी मतदान केलं, प्रत्येकाला ९ मतं, म्हणजे नेहमीची पद्धत. एका पॅनलच्या बाजूने ५२ लोक आहेत, दुसऱ्याच्या ४८. सगळ्यांनी आपापल्या पॅनलला पूर्ण मतं दिली तर ५२ वाल्यांच्या नऊच्या नऊ जागा येतात आणि ४८ वाल्यांना शून्य. जवळजवळ अर्धी संस्था बाहेर. मग फुटणार नाही तर काय होईल? सीनियर लोक ज्याला निवडणुकीचा दोष म्हणतात तो पुष्कळदा या मोजणीचा दोष असतो.

तेच मतदान पसंतीक्रमाने घ्या. मतदाराने १, २, ३ असे आकडे लिहायचे. निवडून यायचा कोटा काढायचा, म्हणजे वैध मतांना जागा अधिक एक ने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. १०० ला १० ने भागून १०, अधिक १, झाले ११. आता ५२ वाल्यांचे चार कोटे पूर्ण होतात, ४४ मतं, उरली ८. ४८ वाल्यांचेही चार पूर्ण होतात, उरली ४. नववी जागा जास्त मतं उरलेल्यांना, म्हणजे ८ वाल्यांना. निकाल ५ विरुद्ध ४. बहुमत ज्याचं त्याचंच राहिलं, पण टेबलाभोवती दोन्हीकडचे लोक बसले.

ही पद्धत काही परकी नाही. नागपूर पदवीधर मतदारसंघात तुम्ही असंच मतदान करता, नितीन गडकरी १९८९ पासून २०१४ पर्यंत विधान परिषदेत याच मतदारसंघातून होते, तिथे मतपत्रिकेवर आकडाच लिहावा लागतो. तुमच्या ओळखीच्या सीएला विचारा, त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलची निवडणूक अशीच होते. वकिलांना विचारा, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली राज्य बार कौन्सिलचे सदस्य एकल संक्रमणीय मतानेच, म्हणजे याच पसंतीक्रमाच्या पद्धतीने, निवडले जातात. मग इंजिनिअरांना हे गणित अवघड आहे असं कोणी म्हणू नये. मोजायला वेळ लागतो हे खरं, चारशे मतांना एक एक्सेल शीट आणि गणिताची भीती नसलेले दोन माणसं पुरतात.

अध्यक्षासारख्या एका जागेलाही पसंतीक्रमच वापरा. तिघं उभे आहेत, ४०, ३५, २५ अशी पहिली पसंती पडली, साध्या पद्धतीत ४० वाला जिंकतो जरी ६० लोकांना तो नको असला तरी. पसंतीक्रमात २५ वाला बाहेर पडतो, त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती पाहतात, समजा २० जणांनी दुसऱ्याला दिली आणि ५ जणांनी पहिल्याला, तर दुसरा ५५ वर जातो आणि निवडून येतो. मान्यता-मत नावाची पण एक पद्धत आहे, जेवढे पसंत तेवढ्यांवर खूण करायची, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी ती वापरते. आयट्रिपलईने ती १९८० च्या दशकाच्या शेवटी घेतली आणि २००२ मध्ये सोडली. सोपी आहे, पण आपल्याकडे पॅनलचा जोर असला की सगळे फक्त आपल्या पॅनलवर खुणा करून मोकळे होतात आणि फायदा काही राहत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

मतदार यादीवर मात्र थांबून बोलायलाच पाहिजे, कारण कोर्टात जाणारी भांडणं मी पाहिली त्यातली बहुतेक इथूनच सुरू झाली. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली असेल, तर त्याच्या कलम १५ मध्ये स्पष्ट आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली त्याला मत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. आपल्याकडे काय होतं, दोन वर्षं वर्गणी कोणी मागत नाही, आणि अर्ज भरायच्या आठवड्यात एक उमेदवार साठ जणांची थकबाकी एकाच चेकने भरतो. किंवा नवे सभासद, ज्यांना संस्थेचं पूर्ण नावही माहीत नाही. म्हणून कट-ऑफ तारीख घटनेत पाहिजे, मतदानाच्या किमान सहा महिने आधीची, आणि वर्गणी सभासदाच्या स्वतःच्या खात्यातूनच यायला पाहिजे. बार असोसिएशनमध्ये हाच रोग होता, एकच वकील तीन ठिकाणी मत द्यायचा, शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बी. डी. कौशिक प्रकरणात "वन बार, वन व्होट" चा, म्हणजे एका वकिलाने एकाच बार असोसिएशनमध्ये मत द्यायचा, नियम उचलून धरला. यादी छापा, बोर्डावर लावा, ईमेलवर पाठवा, हरकतींना पंधरा दिवस द्या आणि त्यानंतर तिला हात लावू नका, अध्यक्षाचा सख्खा भाऊ राहिला असला तरी.

निवडणूक अधिकारी सभासदांपैकी नको, दुसऱ्या व्यवसायातला घ्या. इंजिनिअरांच्या संस्थेला एखादा निवृत्त न्यायाधीश किंवा वकील, किंवा दुसऱ्या असोसिएशनचा माजी सचिव. त्याचे हात मोकळे ठेवा.

तारीख बघून ठरवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे रस्ते बंद, हॉल मिळत नाही आणि सरकारी खात्यांतले सभासद तर मोकळेच नसतात. मे महिन्यात दुपारी मतदान ठेवलं तर त्या उन्हात चंद्रपूरहून कोण येईल? दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, शहरात हॉटेल मिळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरचा रविवार, पोळा-गणपती टाळून, सगळ्यात बरा, आमसभा पण त्याच वेळी असते.

बाहेरगावच्या सभासदांना पोस्टाने किंवा ऑनलाइन मत द्यायची सोय हवी, पण घटनेत असेल तरच. गूगल फॉर्म आणि व्हॉट्सॲप पोल हे मतदान नाही, कोणी कोणाला मत दिलं ते ॲडमिनला दिसू शकतं. कंपन्यांच्या सभांसाठी एनएसडीएल, सीडीएसएल या शेअर डिपॉझिटरींची ई-व्होटिंग असते, तशी स्वतंत्र यंत्रणा पाहिजे. कागदावर घेत असाल तर नंबर फक्त काउंटरफॉइलवर, म्हणजे मतपत्रिका फाडल्यावर आपल्याकडे राहणाऱ्या भागावर, ठेवा, आणि सगळ्यांना एकाच रंगाचा, संस्थेने दिलेला पेन द्या. विधान परिषदेच्या मतदानात जांभळा स्केच पेन देतात तो उगाच नाही, लहान संस्थेत शाई आणि अक्षर पाहून माणूस ओळखता येतो.

निकालानंतरचं काम लोक विसरतात. आपल्या राज्यात सोसायटी ही बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते, त्यामुळे राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, जायलाच पाहिजे. सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरी, मिनिट्स, मतमोजणीचा तक्ता, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं, हे सगळं त्याच रात्री एका फाइलमध्ये लावा, दोन महिन्यांनी एक कागद सापडत नाही आणि मग जुने पदाधिकारी सही द्यायला टाळतात. चेंज रिपोर्टवर हरकत आली तर प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं आणि तोवर रेकॉर्डवर जुनेच लोक राहू शकतात. बँकेतल्या सह्या, इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड, संस्थेचा ईमेल, वेबसाइटचं डोमेन, हॉलच्या डिपॉझिटची पावती, याची चार्ज-यादी, म्हणजे काय काय सोपवलं त्याची यादी, करून जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्याच्या सह्या घ्या.

आणि टर्मची मर्यादा. सलग दोन टर्म झाल्या की एक टर्म कोणतंही पद नाही, हे घटनेत घाला. क्रिकेटच्या कारभारासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मान्य केल्या तेव्हा क्रिकेट संघटनांना असाच सक्तीचा कूलिंग-ऑफ, म्हणजे टर्म झाल्यावर बाहेर बसायचा काळ, आला, पुढे त्यात बदल झाले तरी तत्त्व बरोबर होतं. माजी अध्यक्षांचा मान ठेवा, त्यांच्याकडून शिकायला खूप मिळतं, पण सल्लागार मंडळाला मत नको.

यंदापुरतं सांगायचं तर पॅनल झालेच आहेत, अर्ज भरायची तारीख जवळ आहे, आता मोजणीची पद्धत बदलता येणार नाही, बदलली तर हरलेला पक्ष सरळ अर्ज घेऊन सहधर्मादाय आयुक्तांकडे जाईल आणि त्याचं बराबर असेल. तेव्हा आहे त्या नियमाने मतदान होऊ द्या. पण दोन्ही पॅनलच्या प्रमुखांना एकत्र बसवून तीन गोष्टी लेखी घ्या. मतपत्रिकेवर पॅनलचं नाव नाही, नावं फक्त वर्णक्रमाने. जो जिंकेल तो तांत्रिक समिती आणि कार्यक्रम समितीपैकी एकीचं अध्यक्षपद समोरच्यांना देईल. आणि नवी कार्यकारिणी बसल्यावर सहा महिन्यांच्या आत घटनादुरुस्तीसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावेल, विषयपत्रिकेवर पसंतीक्रम, कट-ऑफ तारीख, शोध समिती आणि टर्मची मर्यादा हे चार विषय, प्रत्येक ठराव वेगळा मतदानाला. मसुदा आत्ताच करायला घ्या, दोन्हीकडचे दोन-दोन तरुण आणि एक वकील बसवा, कारण निकाल लागल्यावर जिंकलेल्यांना त्याची घाई राहत नाही.